पोपटाचा आरसा

मराठीने पोपटाची जितकी बदनामी केलीय तितकी बिचाऱ्या गाढवाचीही केली नसेल. अर्थ न कळता घोकलं की ती ‘पोपटपंची’. दुसऱ्याने शिकवलेलं बोललं की तो ‘पढवलेला पोपट’. चारचौघांत फजिती झाली की ‘पोपट झाला’. राजाचा पोपट मेलाय हे सांगायला घाबरणाऱ्या नोकराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. तिच्यात तर पोपटाला डायलॉगही नाही, तो आधीच मरून पडलाय! आणि इंजिनिअरिंगच्या व्हायव्हाच्या आदल्या रात्री होस्टेलवर जे काही चालतं, त्याला ‘पोपटपंची’इतका अचूक शब्द दुसरा नाही हे तर मान्यच करायला हवं.

पण या शब्दात एक गोची आहे. पोपटाला बोललेलं कळत नाही हे घटकाभर मान्य करू. मग तो बोलतो कशाला? माणसाचा आवाज काढणं हे पक्ष्यासाठी सोपं काम नाही. त्याला ओठ नाहीत, दात नाहीत. श्वासनळीच्या पार तळाशी असलेल्या एका छोट्याशा अवयवातून आवाज काढायचा आणि जाड जीभ हलवून तो आपल्या आवाजाशी जुळवायचा, असा सगळा मामला आहे. त्यासाठी तो दिवसेंदिवस सराव करतो, एकटा असताना पुटपुटत बसतो. कुठलीही सिस्टिम एवढी प्रोसेसिंग पॉवर विनाकारण जाळत नाही. कुठेतरी काहीतरी रिक्वायरमेंट असणारच.

वर्षभरापूर्वी घरात एक बजरी आली, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. बजरी म्हणजे दुकानात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ते छोटे पक्षी. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. हा बजरीगर ऑस्ट्रेलियाचा, चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १८ सेंटिमीटर, वजन ३०-४० ग्रॅम. पण आहे अस्सल पोपट. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले, तिथे त्यांची पैदास सुरू झाली आणि पुढे ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोचले. तर या एवढ्याशा जिवाचं वागणं समजून घ्यायला म्हणून वाचायला बसलो, आणि वाचता वाचता पोचलो कुठे, तर आपल्याच जिल्ह्यात. पैठण, आपेगाव, दौलताबाद! पोपट आणि माणूस यांचं नातं इथे निदान दोन हजार वर्षांचं आहे. त्या नात्याची ही थोडक्यात हकीकत.

पैठणची माळ

सुरुवात पैठणपासून. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. ‘गाथासप्तशती’ हा सातशे गाथांचा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी म्हणा ना. राजेरजवाड्यांपेक्षा गावातली माणसं, शेतं, नदी, पाऊस यांच्याबद्दलच या गाथा जास्त बोलतात.

त्यातल्या एका गाथेत आकाशातून पोपट उतरताना दिसतात. कवीला वाटतं, आकाशलक्ष्मीच्या गळ्यातली पाचू आणि माणकांची माळच तुटून खाली येतेय. हिरवं अंग म्हणजे पाचू आणि लाल चोच म्हणजे माणिक. संध्याकाळी हिमायत बागेच्या बाजूने किंवा गोदाकाठच्या झाडांवर राघू परतताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे चित्र लगेच पटेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कवीने पाहिलेला पोपट एकटा नाही. ती रांग आहे, थवा आहे. सुटा मणी नाही, माळ आहे.

त्याच पैठणात पुढे पोपट साडीवर बसला. पैठणीच्या काठावरची ‘मुनिया’ म्हणजे छोटा पोपट, तो पानासारखा हिरवाच विणायचा. पदरावर ‘तोता-मैना’ असतात. पैठणीच्या विणकामात प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवत नेतात, त्यामुळे नक्षी मागून पुढून जवळजवळ सारखीच दिसते. पैठणीवरच्या पोपटाला उलटी बाजूच नसते म्हणा ना.

अर्थात शेतकऱ्याला पोपट एवढा गोड कधीच वाटला नाही. ज्वारी हुरड्यात आली की राघूंचे थवे उतरणार. खाणार थोडं, कुरतडून टाकणार जास्त. म्हणून शेतात माळा घालून त्यावर उभं राहायचं आणि गोफण फिरवायची. कवीला माळ दिसते, विणकराला रंग दिसतो, शेतकऱ्याला चोर दिसतो. तिघांचंही बरोबर आहे.

घरातला साक्षीदार

रानातला पोपट घरात कधी आला त्याची तारीख कुणालाच देता येणार नाही. पण कामसूत्रात ज्या ६४ कला सांगितल्या आहेत त्यात पोपट आणि मैनांना बोलायला शिकवणं ही एक कला आहे. म्हणजे गाणं, चित्रकला, फुलांची रचना यांच्या पंगतीला पोपट पढवणं! इकडे ग्रीकांनाही याचं भारी कौतुक. इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतातल्या एका बोलक्या पक्ष्याबद्दल लिहून ठेवलंय. हा पक्षी भारतीय भाषा बोलतो आणि शिकवलं तर ग्रीकही बोलेल, असं त्याचं म्हणणं. (ऑनसाइटवर आपण पहिले नाही तर!) :)

या सगळ्यात मला सर्वात आवडलेला पोपट आहे ‘अमरुशतक’ या संस्कृत काव्यातला. रात्री नवरा-बायको एकमेकांशी जे बोलले ते घरच्या पोपटाने ऐकलंय, आणि सकाळी सासू-सासऱ्यांसमोर तो ते धडाधड म्हणायला लागतो. सून बिचारी लाजून चूर. ती चटकन कानातलं माणिक काढून डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत देते आणि त्याचं तोंड बंद करते.

विनोद बाजूला ठेवा आणि निरीक्षण बघा. या पोपटाला ते शब्द कुणी शिकवले नव्हते. समोर बसवून दहा वेळा ‘बोल विठू विठू’ असं कुणी केलं नव्हतं. त्याने जे उचललं ते दोन जिवंत माणसांचं मनापासूनचं बोलणं. पोपट पाळणाऱ्या कुणालाही विचारा, हाच अनुभव सांगतील. मुद्दाम शिकवलेला श्लोक येत नाही, पण आईने धाकट्याला मारलेली हाक बरोब्बर येते. पोपट शब्द उचलत नाही, प्रसंग उचलतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या कवीला हे दिसलं होतं.

आपेगावची नळी

आता पैठणहून गोदावरीच्या काठाने थोडं पुढे, आपेगावला. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव. ज्ञानेश्वरी लिहिली गेली नेवाशाला, १२९० साली. तिच्या सहाव्या अध्यायात, माणूस आपणच आपला शत्रू कसा होतो हे सांगताना, पोपट धरायची एक युक्ती येते.

युक्ती अशी. दोरीत एक पोकळ नळी ओवायची आणि ती दोरी आडवी ताणून बांधायची. पोपट येऊन नळीवर बसला की त्याच्या भाराने नळी गर्रकन फिरते आणि पोपट उलटा लटकतो. खरं तर त्याला कुणीच बांधलेलं नाही. पाय सोडले की मोकळा. पण तो घाबरतो आणि नळी अजूनच घट्ट धरतो. पारधी सावकाश येतो आणि त्याला काढून घेतो. संस्कृत ग्रंथांत यालाच ‘शुकनलिकान्याय’ म्हणतात. ज्ञानेश्वरांना यातून जे सांगायचंय ते अहंकाराबद्दल, आणि कीर्तनकारांनी ते आपल्याला शेकडो वेळा समजावलंय.

मी मात्र ते वाचताना अडकलो त्या पारध्यापाशी. ही युक्ती ज्याने पहिल्यांदा बनवली तो माणूस किती बारकाईने पोपट बघत असेल! पोपट एरवी उलटा लटकायला अजिबात घाबरत नाही. फळं खाताना तो सर्रास उलटा असतो. त्याच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे पकड जबरदस्त. शिवाय चढताना तो चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करतो, आणि ही नुसती उपमा नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लव्हबर्डच्या चोचीचा जोर मोजला, तर चढताना अंग वर ओढायचं काम चोच जवळजवळ पायाइतकंच करते असं दिसलं. म्हणजे घट्ट धरणं हाच या पक्ष्याचा सगळ्यात मोठा भरवसा. पारध्याने नेमका तोच भरवसा हेरला आणि त्याचा सापळा केला.

आणि इथे मला पहिल्यांदा जाणवलं की पोपटाला ओळखणं आणि पोपटावर माया असणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नळी लावणाऱ्याने पोपटाला कवीपेक्षा कमी ओळखलं नव्हतं. जास्तच ओळखलं होतं.

दौलताबादच्या वाटेने आलेला आरसा

दुसरी युक्ती फारसी जगातली. तिचा आपल्याशी संबंध काय, तर १३४७ साली बहमनी राज्याचा पहिला सुलतान गादीवर बसला तो आपल्या दौलताबादलाच. राजधानी नंतर गुलबर्ग्याला गेली, पण दख्खनच्या दरबारांत फारसी भाषा, फारसी कविता आणि फारसी गोष्टी यांची जी वाट पडली ती शतकानुशतकं चालू राहिली. याच बहमनी दरबाराने शिराझचा कवी हाफिज याला दख्खनला यायचं आमंत्रण दिलं होतं. तो होर्मुझपर्यंत आलाही, पण समुद्राचं वादळ बघून परत फिरला, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. हाफिज आला नाही, त्याची कविता आली. आणि त्या कवितेत पोपट आहे, आरशामागचा पोपट.

पोपटाला बोलायला शिकवायची फारसी रीत अशी. पिंजऱ्यासमोर एक आरसा धरायचा. शिकवणारा माणूस आरशाच्या मागे लपतो आणि शब्द उच्चारतो. पोपटाला समोर दुसरा पोपट दिसतो, आवाजही तिथूनच येतो. त्याला वाटतं आपल्या जातीचाच कुणीतरी आपल्याशी बोलतोय. मग तो उत्तर द्यायला लागतो, तेच शब्द परत म्हणत. हाफिज एका गझलेत म्हणतो की मीही तसाच आरशासमोरचा पोपट, मागून जे सांगितलं जातं तेच बोलतो. सूफींना ही उपमा फार प्रिय. बोलणारा वेगळाच, दिसणारा वेगळाच.

पुन्हा एकदा अध्यात्म बाजूला ठेवून नुसती युक्ती बघू. ती बनवणाऱ्याला काय माहीत होतं? पोपट आवाजाच्या मागे लागत नाही, सोबतीच्या मागे लागतो, हे माहीत होतं. समोर कुणी ‘आपला’ असेल तरच तो शिकतो. वर्तनशास्त्रातला हा मोठा शोध आहे! आणि तो वापरला कशाला, तर एका एकट्या पक्ष्याला फसवायला.

फारसीतून दख्खनेत आणखीही पोपट आले. १३३० साली झियाउद्दीन नख्शबीने ‘तूतीनामा’ लिहिला, म्हणजे पोपटाने सांगितलेल्या ५२ रात्रींच्या गोष्टी. मूळ संस्कृत ‘शुकसप्तती’चं हे फारसी रूप. गोवळकोंड्याच्या गव्वासीने १६३९ मध्ये ते दख्खनीत आणलं. मराठीतही ‘शुकबहात्तरी’ होतीच. जर्मन पंडित रिचर्ड श्मिट याने १८९७ साली शुकसप्ततीचं जुनं मराठी भाषांतर जर्मन अनुवादासकट छापलं. गोष्ट सर्वांना माहीत असेल. नवरा परगावी, बायको रात्री प्रियकराकडे निघालेली. तूतीनाम्यातली मैना तिला सरळ तोंडावर सुनावते आणि जिवाला मुकते. पोपट हुशार. तो म्हणतो, जा की, पण आधी एक गोष्ट ऐकून जा. गोष्ट संपेपर्यंत पहाट! असं रोज रात्री.

एका बाजूला ‘पोपटपंची’ म्हणून हिणवायचं आणि दुसऱ्या बाजूला माणसाचा मूड ओळखून बोलणारं पात्र हवं असलं की पोपटालाच बोलवायचं. म्हणजे लोकांना मनातून ठाऊक होतं तर, की हा पक्षी शब्दांपेक्षा माणसं जास्त वाचतो.

शिकागोचा अ‍ॅलेक्स

आता थेट १९७७. आयरीन पेपरबर्ग नावाच्या बाईंनी शिकागोच्या एका दुकानातून वर्षभराचा आफ्रिकन करडा पोपट घेतला. नाव अ‍ॅलेक्स. त्या काळात पक्ष्याला शिकवायची पद्धत म्हणजे बरोबर केलं की दाणा, नाहीतर काही नाही. बाईंनी वेगळं केलं. अ‍ॅलेक्ससमोर दोन माणसं बसायची. एक दुसऱ्याला वस्तू दाखवून विचारायचा, हे काय? दुसरा बरोबर बोलला की वस्तू त्याला मिळायची. मग भूमिका बदलायच्या. म्हणजे ती दुसरी व्यक्ती पोपटाचा नमुनाही आणि प्रतिस्पर्धीही. अ‍ॅलेक्स बघत बसायचा आणि मग मध्येच तोंड घालायचा!

अ‍ॅलेक्स शंभराहून जास्त शब्द शिकला. रंग, आकार, वस्तू कशाची बनलीय हे सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. ‘यांच्यात वेगळं काय?’ विचारलं की ‘रंग’ किंवा ‘आकार’ असं उत्तर द्यायचा. ६ सप्टेंबर २००७ ला तो गेला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. पण इतिहासाच्या दृष्टीने मला जास्त रस आहे तो एका छोट्या गोष्टीत. बाईंनी करड्या पोपटांना टेप आणि व्हिडिओ लावूनही शिकवून पाहिलं. शब्द अर्थासकट शिकणं त्यातून होईना. समोर माणसं हवीत, त्यांचं एकमेकांशी नातं दिसायला हवं.

फारसी आरशाचीच ही गोष्ट, फक्त आरसा काढून टाकलेली. लपलेला माणूस बाहेर येऊन समोर बसला, एवढाच फरक. पण फरक केवढा मोठा!

बजरीचं पिंग

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. रानात ‘मिठू मिठू’ कुणी म्हणत नाही, मग ही नकलेची मशिनरी निसर्गाने दिली कशाला?

उत्तर बजरीवरच्या अभ्यासातून मिळतं. बजरीगर हजारोंच्या थव्यात उडणारे पक्षी. प्रत्येकाची एक छोटीशी हाक असते, दृष्टिआड झालेल्या सोबत्याला मारायची. १९९४ साली अमेरिकेत मेरीलँडच्या संशोधकांनी दाखवलं की अनोळखी बजरी एकत्र ठेवल्या की काही आठवड्यांत त्यांच्या हाका एकमेकांसारख्या होत जातात. २००० साली दुसऱ्या एका गटाने दाखवलं की जोडी जमताना नर मादीची हाक उचलतो. आणि २०११ मध्ये कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातल्या चिमुकल्या रानपोपटांबद्दल जे छापलं ते तर भन्नाटच आहे. आई-बाप घरट्यातल्या पिल्लांना वेगवेगळ्या हाका देतात आणि पिल्लं पुढे त्यात थोडा बदल करून तीच आपली ओळख म्हणून वापरतात. संशोधकांनी घरट्यांमध्ये अंडी बदलून पाहिली. पिल्लांनी हाक उचलली ती सांभाळणाऱ्या आई-बापांची. म्हणजे बारसंच की हे!

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे पिंग आहे. एक मशीन दुसऱ्याला छोटंसं पॅकेट पाठवतं. त्यात निरोप काहीच नसतो. ‘आहेस का?’ ‘आहे.’ बस्स. पॅकेटमध्ये काय लिहिलंय हे बघून पिंगला निरर्थक ठरवणारा इंजिनिअर अजून जन्माला यायचाय. ‘पोपटपंची’ हा शब्द नेमकं तेच करतो. तो पॅकेट उघडून बघतो, आत अर्थ नाही म्हणतो आणि हसतो. पिंजऱ्यातला पोपट ‘मिठू’ म्हणतो तेव्हा त्याला ‘मिठू’ या शब्दाशी काही घेणं-देणं नसतं. थव्यातल्या बाकीच्यांची हाक जशी असेल तशी आपली करायची, हे त्याचं जगणं. आता थवा म्हणजे आपणच. आपली हाक म्हणजे आपले शब्द. तेवढेच त्याला मिळतात, तेच तो वापरतो.

आणि नक्कल म्हणजे हलकं काम हाही गैरसमज. २०२५ साली ‘नेचर’मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांचा बजरीच्या मेंदूवरचा अभ्यास आला. आवाजाचे वेगवेगळे प्रकार बजरीच्या मेंदूत पद्धतशीर मांडलेले असतात, आणि ही मांडणी माणसाच्या मेंदूतल्या बोलण्याच्या भागाशी मिळतीजुळती आहे, असं त्यांना दिसलं.

हे एकदा डोक्यात बसलं की पिंजऱ्यातलं बाकीचं वागणंही उलगडायला लागतं. वरून हात आला की बजरी फडफडते, कारण वरून येतो तो शिकारी पक्षी. सरळ टक लावून बघितलं की अंग चोरते, कारण दोन्ही डोळे समोर असलेला प्राणी बहुतेक शिकारीच असतो. म्हणून हात खालून, बाजूने, हळू न्यायचा, तळव्यावर राळे ठेवायचे आणि गप्प बसायचं. दिवस लागतात, कधी आठवडे. पिसं अंगाला चिकटवून ताठ बसली तर घाबरलेली. एक पाय पोटात घेऊन चोच घासत करकर आवाज करायला लागली तर निवांत आहे, झोपेला आलीय. डोकं वर-खाली करून दाणे ओकून पुढे केले तर ‘ई’ करू नका, तो तिच्याकडचा सर्वोच्च मान आहे! जोडीदाराला असंच भरवतात. एकीने जांभई दिली की दुसरीलाही येते, हे २०१५ साली प्रयोगाने दाखवलंय. आणि खोलीतून तुम्ही बाहेर गेलात की जी एक टोकदार हाक येते ना, ते पिंग. आतूनच एक शिट्टी दिली की शांत होते.

दुकानातला आरसा

आता शेवटचा मुद्दा, आणि खरं म्हणजे हा सगळा लेख त्याच्यासाठीच लिहिलाय.

बजरीचा पिंजरा घ्यायला जा. पिंजऱ्याबरोबर दुकानदार एक छोटा आरसा हमखास देतो, खाली घुंगरू लावलेला. ‘एकटी असली तर याच्याशी खेळते.’ सातशे वर्षांपूर्वीचा तो फारसी आरसा, आता प्लॅस्टिकचा! एकट्या बजरीला तो दिला की ती तासन्‌तास त्याच्यापुढे बसते, त्याला भरवते, त्याच्याशी बोलते. बघणाऱ्याला वाटतं किती रमलीय. प्रत्यक्षात ते लूपबॅक आहे, १२७.०.०.१. पिंग केलं की उत्तर ताबडतोब येतं, पण पलीकडे कुणीच नाही.

हाच प्रश्न आपल्याकडच्या राघूंचा आहे, आणि तिथे तो जास्त गंभीर आहे. भारतातल्या कुठल्याही रानपोपटाला पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. १९९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावरही बंदी आहे. तरी ढोलीतली पिल्लं काढून विकणं थांबलेलं नाही. ‘आमचा मिठू किती बोलतो’ म्हणून आपण कौतुक करतो तेव्हा त्या कौतुकाच्या मागे एक रिकामी ढोली असते. तो एवढा बोलतो कारण त्याला आपल्या जातीचं उत्तर द्यायला कुणी नाही. जोडीने ठेवलेल्या बजरी माणसाचे शब्द सहसा कमी उचलतात, कारण त्यांना गरजच पडत नाही. त्यामुळे खूप बोलणारा पोपट म्हणजे सुखी पोपट हे समीकरण एकदा तपासून बघायला हवं. कुणाकडे वर्षानुवर्षं पाळलेला राघू असेल तर त्याला परस्पर उडवून देऊ नका. माणसात वाढलेला पक्षी बाहेर टिकेलच असं नाही. वनविभागाला कळवा.

रूमीच्या मसनवीत एक गोष्ट आहे. व्यापारी हिंदुस्तानला निघतो आणि पिंजऱ्यातल्या पोपटाला विचारतो, तुला काय आणू? पोपट म्हणतो, तिथल्या पोपटांना फक्त माझी हकीकत सांग. व्यापारी सांगतो, तर ऐकणाऱ्यातला एक पोपट थरथरून खाली पडतो. परत येऊन व्यापारी हे सांगतो, तर त्याचा पोपटही तसाच पडतो. मेला म्हणून बाहेर टाकतात आणि तो उडून फांदीवर बसतो. पडून दाखवणं हाच निरोप होता. घट्ट धरू नकोस, सोड. नळीवरच्या पोपटाला जे कुणी सांगितलं नाही, ते याला थव्याने सांगितलं. रूमी गेला १२७३ साली आणि ज्ञानेश्वरीची नळी त्यानंतर सतरा वर्षांनी आली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

तर मंडळी, दोन हजार वर्षांचा हिशेब असा आहे. पोपट कसा वागतो हे आपल्याला आधीपासून बऱ्यापैकी कळलेलं होतं. नळी बनवणाऱ्याला कळलं होतं, आरसा धरणाऱ्यालाही कळलं होतं. कळलेल्याचं करायचं काय, एवढाच प्रश्न दर वेळी नव्याने येतो. घरी बजरी असेल तर माझं ऐका. आरसा काढून टाका आणि शक्य असेल तर तिला जोडीदार आणा. नसेल जमत तर रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्याशेजारी नुसतं बसा, मोबाईल बाजूला ठेवून. ती हाक मारेल. तिला काय म्हणायचंय ते शोधत बसू नका, फक्त उत्तर द्या.

बाकी ‘पोपटपंची’ हा शब्द काही मराठीतून जाणार नाही, आणि जाऊही नये. व्हायव्हाला लागतो तो. :)